भांड्यात घडलेला मासा: गोल्डफिशची हजार वर्षं

(हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये मथळे दिलेत.)

कानात इअरफोन असतील, समोर लोकल असेल किंवा भांडी घासायची असतील, जे काही चाललंय ते चालू द्या. आज आपण एका माशाबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात एका आकड्यापासून करू. "आजच्या पोरांचं लक्ष 8 सेकंद टिकतं, गोल्डफिशचं 9 सेकंद." हे वाक्य तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये, नाहीतर कॉलेजच्या सेमिनारमध्ये नक्की ऐकलं असणार. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या एका अहवालात हे आलं आणि जगभर पसरलं. पुढे पत्रकारांनी या आकड्याचं मूळ शोधायला घेतलं, तर त्यामागे कुठलाही धड अभ्यास सापडला नाही. ना माणसाच्या 8 सेकंदांचा, ना माशाच्या 9 सेकंदांचा.

गंमत पुढेच आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड ॲग्रानॉफ नावाचे शास्त्रज्ञ स्मरणशक्तीवर प्रयोग करत होते. आठवण मेंदूत पक्की कशी होते, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी प्राणी कुठला निवडला? गोल्डफिश! दिवा लागला की टाकीच्या दुसऱ्या बाजूला पळायचं, नाहीतर विजेचा हलका झटका बसणार, हे माशांना शिकवलं. शिकवणी संपल्या संपल्या मेंदूत प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं, तर काही दिवसांनी मासे धडा विसरलेले असायचे. तेच औषध तासाभराने दिलं, तर धडा पक्का राहायचा. म्हणजे आठवण पक्की व्हायला थोडा वेळ लागतो आणि त्यासाठी प्रथिनं लागतात, हे कळायला या माशाने मदत केली. ज्याला आपण विसराळू म्हणून हसतो, त्याच्याकडून आपण स्मरणशक्तीबद्दल शिकलो.

मग प्रश्न पडतो की या माशाबद्दल आपल्याला इतकं चुकीचं का माहीत आहे? उत्तर त्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास म्हणजे खरं तर भांड्यांचा इतिहास आहे. माणसाने भांडं बदललं, की मासा बदलला. कसं, ते बघूया.

पहिलं भांडं: देवळाचं तळं

गोल्डफिश हा मुळात कार्पच्या कुळातला मासा. आपले रोहू, कटला याच कुळातले. त्याचे चीनमधले रानटी पूर्वज दिसायला अगदी साधे, करडे-हिरवट. शेतात, ओढ्यात, तळ्यात सापडणारे आणि ताटात जाणारे. त्यात हजारात एखादं पिल्लू लाल-पिवळं निघायचं. नदीत असं पिल्लू फार दिवस जगत नाही. बगळ्याला लांबूनच दिसतं, विषय संपला.

पण चीनमध्ये बौद्ध धर्म रुजला आणि त्याबरोबर एक प्रथा आली: जीव सोडण्याची. पकडलेला मासा, कासव, पक्षी विकत घ्यायचा आणि त्याला जीवदान देऊन पुण्य मिळवायचं. त्यासाठी देवळांजवळ खास तळी असायची. आता विचार करा, सोडायला कुठला मासा लोक आवर्जून आणतील? जो वेगळा दिसतो तो! सोनेरी मासा मारणं म्हणजे पाप, सोडणं म्हणजे मोठं पुण्य. दहाव्या शतकात च्याशिंग भागात डिंग यानझान नावाच्या अधिकाऱ्याला तळ्यात असे सोनेरी मासे दिसल्याची नोंद आहे. पुढे हांगचौला राहिलेला प्रसिद्ध कवी सू दोंगपो यानेही तिथल्या देवळाच्या तळ्यातल्या सोनेरी माशांचा उल्लेख केलाय.

या तळ्यात बगळा नाही, कोळी नाही, खायला भरपूर. नदीत जो रंग जिवावर उठला असता, त्याच रंगामुळे इथे जीव वाचला. मुद्दाम पैदास करायला अजून कोणी बसलं नव्हतं. फक्त मरण थांबलं होतं. गोल्डफिशची गोष्ट इथून, म्हणजे दयेतून सुरू होते. हे लक्षात ठेवा, आपण शेवटी इथे परत येणार आहोत.

दुसरं भांडं: राजाचा हौद

बाराव्या शतकात सोंग राजघराण्याची राजधानी दक्षिणेला हांगचौला गेली. सम्राट गाओझोंग याने 1162 मध्ये गादी सोडली आणि आपल्या महालात निवांत राहायला गेला. तिथे त्याने सोनेरी माशांचा हौद ठेवला. आता, निवृत्त सम्राट मासे पाळतोय म्हटल्यावर सरदार, श्रीमंत मागे कसे राहतील?

आणि मागणी आली की धंदा येतोच. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला युए के नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की हांगचौमध्ये मासे सोनेरी करणारे लोक आहेत, पण आपली युक्ती ते कोणाला सांगत नाहीत. त्याने ऐकलेली गोष्ट अशी की ते गटारातले बारीक लाल किडे माशांना घालतात. आज आपल्याला माहीत आहे की फक्त किडे खाऊन साधा मासा सोनेरी होत नाही, रंग रक्तातूनच यावा लागतो. पण चांगल्या खाण्याने असलेला रंग खुलतो हे खरं. शिवाय गोल्डफिशची पिलं जन्मतः मातकट असतात आणि दोन-तीन महिन्यांनी रंग बदलतात. बाहेरून बघणाऱ्याला जादूच वाटणार!

इथे एक मोठा बदल झाला. देवळाच्या तळ्यात मासा जगला, कारण त्याला कोणी मारलं नाही. राजाच्या हौदात तो जगला, कारण तो कोणाला तरी हवा होता. हे दोन्ही वरवर सारखं वाटतं, पण सारखं नाही.

तिसरं भांडं: मातीचा माठ

खरी उलथापालथ झाली मिंग राजवटीत. मासा हौदातून बाहेर आला आणि मातीच्या, चिनीमातीच्या माठात शिरला. अंगणात, दिवाणखान्यात, कुठेही ठेवता येईल असा. त्यामुळे राजेरजवाडे सोडा, मध्यम ऐपतीचा माणूसही मासा पाळू लागला.

माठाने दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक मासा वेगळा दिसू लागला. तळ्यात शंभर माशांची झुंड दिसते, माठात चार मासे. कोणाची शेपटी दुहेरी, कोणाचे डोळे जरा बाहेर, कोणाचं अंग आखूड, सगळं नजरेत भरतं. दुसरी, ज्या दोन माशांची पिलं हवी आहेत, त्यांना वेगळं ठेवता येतं.

1596 मध्ये झांग चिएंद या विशीतल्या तरुणाने फक्त गोल्डफिशवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'हिंगुळी माशांची पोथी' असा होतो. माणूस किती वेडा असावा बघा. उन्हाळ्यात बाजारातून हजारो पिलं आणायची, कित्येक माठांत वाटून ठेवायची, रोज निरखायची, रोज कमअस्सल पिलं बाजूला काढायची. शंभरात एखाद-दोन उरतात, त्यांची मग खास बडदास्त. त्याला आनुवंशिकशास्त्राचा गंधही नव्हता, मेंडेल जन्मायला अजून सव्वादोनशे वर्षं होती. पण हात जे करत होते, त्याला आज आपण निवड पद्धतीने पैदास म्हणतो. पुढे 1868 मध्ये पाळीव प्राण्यांवर लिहिताना चार्ल्स डार्विननेही हेच नोंदवलं: लहान भांड्यात ठेवल्यामुळे आणि चिनी लोकांनी बारकाईने जपल्यामुळे या माशाच्या इतक्या जाती झाल्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. माठाला काच नसते. मग मासा बघायचा कुठून? वरून! म्हणून जे वरून सुंदर दिसतं तेच जपलं गेलं. दुहेरी शेपटी वरून फुलासारखी उघडते. बाहेर आलेले डोळे वरून दोन्ही बाजूंना उठून दिसतात. आज दुकानात दिसणारा ब्लॅक मूर, ऑरंडा, रँचू यांची अंगं अशी का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. माशाचं अंग माणसाच्या नजरेच्या कोनाने घडवलं.

ती दुहेरी शेपटी कुठून आली, हे 2014 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. 'कॉर्डिन' नावाच्या जनुकात बिघाड झाला की शेपटी दुहेरी होते. हे जनुक गर्भात पाठ कुठे आणि पोट कुठे ते ठरवण्याच्या कामातलं. इतक्या महत्त्वाच्या जनुकात बिघाड म्हणजे एरवी मासा जगणं कठीण. पण सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी या माशाच्या पूर्वजांमध्ये सगळी जनुकं दुप्पट झाली होती. म्हणजे स्पेअर कॉपी तयार होती! एक बिघडली, दुसरीने काम सांभाळलं. त्या जास्तीच्या कॉपीमुळेच माणसाला या माशाशी इतका खेळ करता आला.

जपान: जोडधंदा आणि सहा मासे

1502 च्या सुमारास मासे चीनमधून जपानच्या साकाई बंदरात उतरले असं मानतात. आधी चैनीची गोष्ट, मग हळूहळू गल्लीत फेरीवाले विकायला लागले. 1748 मध्ये ओसाकाला गोल्डफिश कसे पाळायचे यावर पुस्तक निघालं. 1724 मध्ये यानागिसावा घराण्याची बदली कोरियामाला झाली, त्यांच्याबरोबर मासेही गेले, आणि तिथे कमी पगाराच्या सामुराईंनी मासे वाढवणं हा जोडधंदा केला. तलवार कमरेला आणि जाळी हातात! यामातो-कोरियामा हे शहर आजही गोल्डफिशसाठी ओळखलं जातं.

जपानच्या कोची भागात 'तोसाकिन' नावाची एक जात आहे. शेपटी पुढे वळून पंख्यासारखी पसरते. ही जात उथळ, गोल भांड्यात वाढवतात आणि वरूनच बघतात. 1945 मध्ये कोचीवर बॉम्ब पडले, 1946 मध्ये मोठा भूकंप झाला. तोसाकिन संपले असंच सगळ्यांना वाटलं. मग हिरोए तामुरा या गृहस्थांना एका उपाहारगृहात सहा मासे सापडले आणि रताळ्याच्या दारूच्या बाटलीच्या बदल्यात त्यांनी ते मिळवले, असं सांगितलं जातं. आजचे तोसाकिन त्या सहांचा वंश मानले जातात.

या गोष्टीवर क्षणभर थांबूया. वाघ कमी झाले तर जंगल राखता येतं. तोसाकिनला जंगलच नाही. ही जात कुठल्याही नदीत नव्हती आणि नसेल. कोणीतरी रोज सकाळी उठून पाणी बघतं, म्हणून ती आहे.

चौथं भांडं: काच

युरोपात गोल्डफिश सतराव्या-अठराव्या शतकात पोचले. 1758 मध्ये लिनियसने त्यांना शास्त्रीय नाव दिलं. श्रीमंतांच्या घरी चिनीमातीच्या भांड्यात, नंतर काचेच्या गोलात मासे दिसू लागले. इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोल यांच्या घरी त्यांची मांजर माशांच्या भांड्यात बुडून मेली आणि टॉमस ग्रे या कवीने तिच्यावर चक्क कविता लिहिली, म्हणजे बघा हे फॅड किती होतं!

पण काचेच्या गोलात मासे पटापट मरायचे. का, ते कोणाला कळेना. 1849-50 मध्ये लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. साधारण 12 गॅलनच्या पात्रात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. हो, तीच जी आजही फिशटँकच्या दुकानात मिळते. थोड्या दिवसांनी पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी स्वच्छ राहिलं. घरात ठेवायच्या ॲक्वेरियमची कल्पना इथून जोरात पसरली, आणि तिचे पहिले रहिवासी होते दोन गोल्डफिश.

वॉरिंग्टनला गोष्टीचा एक भाग मात्र दिसला नव्हता, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि अमोनिया त्याच्यासाठी विष आहे. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. तोपर्यंत काचेचा गोल जगभर पोचला होता. अमेरिकेत तर 1880 च्या दशकात सरकारच्या मत्स्य विभागाने वॉशिंग्टनमधल्या लोकांना फुकट गोल्डफिश वाटले! म्हणजे कारण कळायच्या आधी सवय लागली होती. आणि सवयी शास्त्राचं ऐकत नाहीत.

मासा चिवट आहे, हाच त्याचा घात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतकं सगळं माहीत असूनही गोल बाऊल आजही टेबलावर का असतो?

कारण हा मासा कमालीचा चिवट आहे. थंडीत तळं गोठलं आणि ऑक्सिजन संपला, तर तो शरीरात अल्कोहोल तयार करून कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि तग धरतो. असा जीव बाऊलमध्ये टाकला की लगेच मरत नाही. काही आठवडे, कधी काही महिने काढतो. वाढ खुंटते, कल्ले जळतात, पंख फाटतात, मग जातो. आणि आपण म्हणतो, "गोल्डफिश असेच असतात, जास्त जगत नाहीत."

जगतात! इंग्लंडमध्ये 1956 मध्ये जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा साधा, एकेरी शेपटीचा गोल्डफिश 1999 पर्यंत जगला. 43 वर्षं. जाड अंगाच्या फॅन्सी जाती इतक्या जगत नाहीत, पण नीट ठेवलं तर दहा-पंधरा वर्षं सहज. म्हणजे शाळेत असताना आणलेला मासा तुमच्या नोकरीच्या पहिल्या पगारापर्यंत सोबत असू शकतो. 3 सेकंदांची आठवण आणि 3 महिन्यांचं आयुष्य या दोन्ही समजुती आपल्या सोयीच्या आहेत. त्याला काही आठवत नाही आणि तो तसाही मरणारच, असं मानलं की बाऊलबद्दल वाईट वाटत नाही.

2005 मध्ये रोम शहराने गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला बंदी घातली. इंग्लंडमध्ये 2006 च्या कायद्याने 16 वर्षांखालच्या एकट्या मुलाला प्राणी विकायला किंवा बक्षीस द्यायला मनाई केली. आपल्याकडे 1951 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि कित्येक मराठी मुलांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. आज क्रॉफर्ड मार्केटपासून कुर्ल्यापर्यंत पिशवीत मासा मिळतो, वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्येही मिळतो. पिशवी देणारा पाण्याबद्दल चार वाक्यं सांगतोच असं नाही.

तर मग करायचं काय?

पाळायचा असेल तर इतिहासाने शिकवलेलं एवढं लक्षात ठेवा.

एक, जागा. दोन लहान फॅन्सी गोल्डफिशसाठी शंभर लिटरच्या आसपास टाकी धरा, मोठी असेल तर उत्तमच. उंचीपेक्षा लांबी-रुंदी जास्त हवी, कारण ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागावरून आत जातो.

दोन, वेळ. टाकी आणली, पाणी भरलं, त्याच संध्याकाळी मासे सोडले, असं नको. फिल्टरमध्ये ते जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांना आणि जिवाणूंना मारतं, म्हणून अँटिक्लोरीन घाला. दर आठवड्याला थोडं पाणी बदला, सगळं कधीच नाही. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळा.

तीन, ऊन. हा थंड पाण्याचा मासा आहे. मे महिन्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो. एअर पंप चालू ठेवा आणि टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

चार, खाणं. याला आपल्यासारखं पोट, म्हणजे जठर नसतं. थोडं-थोडं घाला. आखूड अंगात आतडी आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली असतात, जास्त खाल्लं की मासा उलटा तरंगायला लागतो.

आणि पाच, कंटाळा आला तर विहिरीत, तलावात सोडू नका. फॅन्सी मासा तिथे टिकणार नाही, आणि साधा टिकला तर तळ्याचं वाटोळं करेल. 2021 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहराला नागरिकांना हेच सांगावं लागलं, कारण तिथल्या तलावात हातभर गोल्डफिश निघत होते.

बघा, हजार वर्षांपूर्वी जीवदान म्हणून मासा पाण्यात सोडायचे. आज तोच मासा पाण्यात सोडणं जीवदान राहिलेलं नाही. मधल्या काळात आपण त्याची शेपटी दुप्पट केली, अंग आखूड केलं, डोळे बाहेर काढले. त्याला पळता येत नाही, लपता येत नाही, नीट दिसतही नाही. आता त्याच्यावर दया करायची, तर त्याला सोडून चालणार नाही, सांभाळावंच लागेल.

आणि हो, पुढच्या वेळी कुठे टाकी दिसली आणि परवानगी मिळाली, तर झाकण उघडून मासा एकदा वरून बघा. मिंग काळातला तो विशीतला पोरगा रोज सकाळी माठात जे बघायचा, ते तुम्हाला दिसेल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी मासे असतील तर त्यांची नावं आणि वयं कळवा, सगळ्यात म्हाताऱ्या माशाचं नाव पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला घेऊ. भेटूया!